प्रस्तावनेतला खुनी

पहिल्याच वाक्याने काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

वाक्य होतं, ‘ही केवळ रहस्यकथा नाही.’

“केवळ!” काकूंनी प्रुफांचा गठ्ठा टेबलावर असा आपटला की मिठाची बरणी हलली. “म्हणे केवळ! सुताराला कोणी सांगतं का, की बाबा रे, तू केलीस ती केवळ खुर्ची नाही? बसून बघतात. डगमगली तर शिव्या देतात. संपलं!”

ऐकायला घरात कोणी नव्हतं. काका, म्हणजे त्यांचे यजमान, कोपऱ्यावरच्या आपल्या चष्म्याच्या दुकानात होते. पण रागवायला समोर माणूसच हवा, असं काकूंचं कधी नव्हतं. फोडणी करपली तरी त्या कढईला चार शब्द सुनावत. आख्खी वस्ती त्यांना ‘खूनवाल्या काकू’ म्हणत असे. उभं आयुष्य त्यांनी रहस्यकथा लिहिल्या होत्या, आणि भाजी घ्यायला गेल्या की भाजीवाली हमखास विचारायची, “काय काकू, यंदा कोणाला मारलंत?” काकूंना त्याचा राग कधीच आला नाही. विचारणारीने मागचा खून वाचलेला असायचा.

राग यायचा तो न वाचणाऱ्यांचा. आणि ही प्रस्तावना लिहिणारे तर घरातलेच होते. काकांचे धाकटे भाऊ, काकूंचे दीर, साहित्याचे प्राध्यापक, मोठे समीक्षक. घरात सगळे त्यांना भाऊजीच म्हणत, बाहेर सगळे सर. इतकी वर्षं भाऊजी घरी आले की दारातूनच विचारत, “काय वहिनी, चाललंय ना तुमचं ते?” ‘ते’. लग्नापूर्वीची एखादी भानगड असावी तसं ‘ते’. काकूंनी दिलेलं प्रत्येक पुस्तक त्यांनी हसून घेतलं, पिशवीत टाकलं, आणि पुढच्या भेटीत त्याबद्दल चकार शब्द काढला नाही.

आता मात्र गोष्ट वेगळी होती. काकूंची सगळ्यात गाजलेली रहस्यकथा, ‘ओल्या जिन्याचं रहस्य’, पुन्हा निघत होती, आणि तीही एका मोठ्या प्रकाशनाच्या अभिजात मालिकेत. कितीतरी वर्षं ती बाजारात नव्हती. वाचनालयांतल्या प्रती वाचून वाचून फाटल्या होत्या, आणि नव्या वाचकांना त्या पुस्तकाचं नावही माहीत नव्हतं. काकूंच्या दृष्टीने हीच मोठी गोष्ट होती. ज्यांना खुनी कोण ते ठाऊक नाही, अशी एक आख्खी नवी पिढी! पुस्तक त्यांच्या हाती कोरं जावं, एवढी एकच इच्छा होती. मालिकेच्या नियमाप्रमाणे प्रस्तावना एखाद्या मान्यवराची हवी, म्हणून मालकांनी भाऊजींना गाठलं. काकूंनी मूग गिळले. म्हटलं, लिहू दे चार शब्द, वाचकांनी प्रस्तावना कधी वाचली आहे?

त्यांनी पुन्हा गठ्ठा ओढला. ‘रहस्यकथेच्या मर्यादा ओलांडून ही कृती साहित्याच्या अंगणात पाऊल टाकते.’ म्हणजे आजवर काय गटारात उभी होती? खुनाची गोष्ट, भुताची गोष्ट, परग्रहावरची गोष्ट, प्रेमाची गोष्ट, सगळ्यांना या लोकांनी चपलांच्या रांगेत बाहेर बसवलं होतं. त्यातलं एखादं बरं निघालं, की ‘हे त्यांच्यातलं नव्हेच’ म्हणून त्याला आत घ्यायचं. बाकीच्यांना बाहेरच ठेवायचं. वर याला कौतुक म्हणायचं.

मग दुसरं पान आलं. ‘स्वतःच्या मावशीचा खून करणारा भाचा हा या कादंबरीचा खरा नायक आहे. त्याचा अपराधगंड...’

काकू उभ्याच राहिल्या. दुसऱ्या पानावर! खुनी कोण ते दुसऱ्या पानावर सांगून टाकलं! वाचक अजून बंगल्याच्या फाटकाशी पोचला नाही, मावशीबाई अजून जिवंत आहेत, चहा पिताहेत, आणि हा गृहस्थ वाचकाचा दंड धरून म्हणतो, तो बघा, तो भाचा, त्यानेच ढकललं.

मग त्यांच्या लक्षात आलं, आणि त्या पुन्हा खाली बसल्या.

भाच्याने खून केलाच नव्हता.

आता एवढं तर तुम्हालाही कळलं, त्याला इलाज नाही. पण खून कोणी केला ते इथे सांगितलं जाणार नाही, उगाच पुढची पानं चाळू नका. भाचा शेवटून दुसऱ्या प्रकरणात कबुली देतो, पोलिसांना ती पटते, वाचकालाही पटते. मग शेवटचं प्रकरण येतं आणि सगळं उलटंपालटं होतं. त्या शेवटच्या प्रकरणासाठी तर लोकांनी ते पुस्तक वाचनालयात रांगा लावून वाचलं होतं.

काकूंनी प्रस्तावनेचं अखेरचं पान वाचलं. तिथे भाऊजींनी कळसच चढवला होता. ‘कितीतरी प्रश्न अनुत्तरित ठेवून, शेवट मोकळा सोडण्याचं जे धाडस लेखिकेने दाखवलं आहे, ते रहस्यकथेच्या ठोकळेबाज लेखकांना झेपणारं नाही.’

“मोकळा शेवट?” काकू ओरडल्या. “मोकळा? अहो, घट्ट शिवलाय तो! उसवून दाखवा!”

आणि ओरडता ओरडता त्यांची नजर फडताळावरच्या पिठाच्या जुन्या डब्याकडे गेली.

त्या डब्याची एक रीत होती. काकूंची पहिली रहस्यकथा लिहून झाली तेव्हा काकांनी चोरून शेवट आधी वाचला होता. त्यावरून घरात महाभारत झालं. तेव्हापासून शेवटचं प्रकरण लिहून झालं की ते त्या डब्यात जायचं. काकांनी बाकीचं वाचायचं, चहाच्या वेळी खुनी सांगायचा, आणि मग डबा उघडायचा. बरोबर ओळखला, तर काकू ते प्रकरण टराटरा फाडून नव्याने लिहीत आणि पुढचे काही दिवस काकांशी धड बोलत नसत. ‘ओल्या जिन्या’च्या वेळी काकांनीही छातीठोकपणे भाचाच सांगितला होता. पण त्यांनी त्याच्यावर प्रस्तावना लिहिली नव्हती.

या खेपेलाही काकूंनी पुस्तक स्वतः पुन्हा टाइप केलं आणि शेवटचं प्रकरण हाताच्या सवयीने डब्यात टाकलं. गठ्ठा प्रकाशनात गेला. तिथून त्याची प्रत भाऊजींकडे गेली. पुढे काकूंना आठवण झाली तशी त्यांनी ते प्रकरण स्वतः नेऊन दिलं, प्रुफांत ते आलंही. भाऊजींकडे मात्र ते पोचलंच नाही.

म्हणजे भाऊजींनी खुनाची गोष्ट शेवटाशिवाय वाचली होती. आणि काही राहिलंय, अशी त्यांना शंकाही आली नव्हती.

काकूंनी पर्स उचलली.

*

प्रकाशनाच्या कचेरीत संपादिका केसांत पेन्सिल खोचून बसली होती. कोवळी पोर, पण कामाला चोख. काकूंचा चेहरा बघून तिने पंखा वाढवला.

“तू शेवटचं प्रकरण वाचलंस?” काकूंनी बसायच्या आधीच विचारलं.

“वाचलं म्हणजे काय! हातातला चहा गार झाला, काकू. मी मागे जाऊन सगळ्या खुणा तपासल्या. सगळ्या होत्या. आमच्या डोळ्यांसमोर ठेवल्या होत्यात तुम्ही!”

काकूंना क्षणभर बरं वाटलं, पण क्षणभरच.

“मग प्रस्तावना वाचलीस तेव्हा डोळे कुठे होते?”

संपादिकेने मान खाली घातली. “सर मला एम.ए.ला शिकवायला होते. त्यांना कसं सांगायचं, की सर, तुमचा खुनी चुकला?” मग तिने आवाज उतरवला. “आपण दुरुस्त करू या ना. मी सरांना निरोप देते. भाच्याच्या जागी खरं नाव टाकतील.”

“आणि वाचकाला ते दुसऱ्याच पानावर मिळेल. वा! आता निदान चुकीचा खुनी सांगितलाय. मग बरोबर सांगाल!”

“नाहीतर भाच्याबद्दलचा मजकूर गाळू या?”

दोघींनी पेन्सिल घेऊन तेही करून बघितलं. भाचा गाळला, त्याचा अपराधगंड गाळला, मोकळा शेवट गाळला. खाली सही आणि तारीख उरली.

“मग काढूनच टाका ती!” काकू म्हणाल्या.

“प्रस्तावनेशिवाय मालिकेत पुस्तक नाही!” आतल्या केबिनमधून मालकांचा आवाज आला. त्यांचं दार सदा उघडं आणि कान त्याहून उघडे. “सरांचं नाव आहे म्हणून तर घेतलं, काकू! समारंभात सरच बोलणार आहेत. आता मोडता घालू नका.”

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. काकू कचेरीतून निघाल्या आणि रस्ताभर चालताना स्वतःशी बोलत राहिल्या. समोरून येणारे बाजूला होत होते.

डोक्यात नुसता जाळ होता. कवीची ओळ कळली नाही तर वाचक स्वतःला दोष देतो. गंभीर कादंबरीत पात्र मध्येच गायब झालं तर त्याला प्रयोग म्हणतात. आणि काकूंच्या पुस्तकात एकदा चौथ्या प्रकरणात बंद असलेली खिडकी नवव्यात उघडी निघाली, तर गावोगावचे वाचक प्रकाशकाच्या दारावर भांडायला बसल्यासारखे भांडले होते. काकूंना त्या भांडणाचा अभिमान होता. खिडकीवर इतकी नजर ठेवणारा वाचक कोणत्या थोर साहित्यिकाला मिळाला होता? अशा वाचकाला फसवायचं, तेही त्याच्या डोळ्यांदेखत, काही न लपवता, आणि शेवटी त्यानेच कपाळावर हात मारून म्हणायचं की अरे, हे तर मी पाहिलं होतं! यासाठी काकू एकेक खूण चार चार वेळा हलवून बघत. कुठे जास्त उठून दिसली तर पुसत, कुठे दिसेनाशी झाली तर परत काढत. आणि हे म्हणे ठोकळेबाज. नाकाने कांदे सोलणाऱ्यांना कांदा कापणाऱ्याचे डोळे कुठून दिसणार?

*

काकांच्या दुकानात भाऊजी आरशासमोरच्या उंच खुर्चीवर बसले होते. समारंभासाठी नवा चष्मा करायचा होता. नाकावर तपासणीची जड, गोल फ्रेम होती आणि काका तिच्यात एकेक भिंग घालून समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावत होते.

“या वहिनी!” भाऊजींनी चपलांच्या आवाजावरून ओळखलं. “वाचलीत ना प्रस्तावना? डोळ्यांत पाणी आलं असेल.”

“आलं. रागाचं.”

काकांनी हातातलं भिंग हळूच खाली ठेवलं. बायकोचा हा आवाज त्यांच्या ओळखीचा होता.

“भाऊजी, खून कोणी केला?”

“कुठला खून?”

“माझ्या पुस्तकातला.”

“भाच्याने. मी लिहिलंय की सविस्तर.” भाऊजी हसले. “पण वहिनी, खून कोणी केला हा प्रश्न दुय्यम आहे हो. खुनामागचा माणूस...”

“दुय्यम? तो प्रश्न विचारून मी वाचकाला घरात बोलावते, भाऊजी. उत्तर देईन असा शब्द देते. त्या शब्दावर तो बिचारा दिवसभर राबून आल्यावर, मिटणारे डोळे ताणत बसतो. आणि तुम्ही त्याला दारातच गाठून सांगता, की आत काही नाही, खुनी तो होता, जा घरी!”

“अहो, पण मी तुमचं कौतुकच...”

“भाच्याने खून केलेला नाही.”

गोल फ्रेमच्या आड भाऊजींचे डोळे मोठे दिसत होते.

“केला नाही कसा? तो स्वतः कबूल करतो!”

“करतो. खोटं बोलतो. का बोलतो, ते पुढच्या प्रकरणात आहे.”

“पुढचं प्रकरण? पुढे काहीच नव्हतं! माझ्याकडे आलेलं...”

“तुमच्याकडे नव्हतंच. ते राहिलं होतं आमच्या पिठाच्या डब्यात, आणि ती सवय माझी, त्याचा दोष तुम्हाला देत नाही. पण भाऊजी, जिना ओला का होता ते कळलं नाही. कुलपाची किल्ली आत कशी, ते कळलं नाही. मावशीबाईंनी चहाचा दुसरा कप कोणासाठी काढला, ते कळलं नाही. आणि तुम्हाला कुठेच काही चुकल्यासारखं वाटलं नाही? अर्धं ताट वाढलं, तुम्ही हात धुऊन उठलात, आणि वर ढेकर देऊन म्हणालात, वा, काय हे धाडस पोट रिकामं ठेवण्याचं!”

काका एकदम खोकले आणि पाठ करून काचा पुसायला लागले.

“एखाद्या गंभीर कादंबरीचं शेवटचं प्रकरण हरवलं असतं,” काकू पुढे म्हणाल्या, “तर तुम्ही प्रकाशकाला फोन केला असतात. म्हणाला असतात, काहीतरी राहिलंय. माझ्या वेळी तुम्ही ठरवूनच बसला होतात, की हिला नीट संपवता येणारच नाही. आणि नाही संपवलं, तेव्हा पहिल्यांदा मी तुम्हाला मोठी वाटले.”

वर्गात शेकडो मुलांना गप्प करणारा माणूस खुर्चीच्या दांड्याशी चाळा करत राहिला.

“बरं, चुकलं,” ते शेवटी म्हणाले. “अजून छपाई व्हायची आहे ना? बदलू या. खरा कोण ते सांगा, मी आज बसतो आणि...”

“नाही.”

“अहो, एका नावाचा तर प्रश्न आहे!”

“एक अक्षर बदलायचं नाही.” हे बोलून झाल्यावरच काकूंना कळलं की आपण काय ठरवलं आहे. मग मात्र त्यांना ते लख्ख दिसलं. “जसंच्या तसं छापायचं. खाली तुमची सही, सगळ्या पदव्या. वाचक म्हणेल, एवढा मोठा माणूस सांगतोय म्हणजे भाचाच. रागावेल तुमच्यावर, शेवट फोडला म्हणून, पण माझा वाचक पुस्तक टाकणार नाही. भाचा कसा सापडतो ते बघायला तो पुढे जाईल. आणि शेवटच्या प्रकरणात तोंडघशी पडेल. एवढा चकवा मला जन्मात साधला नव्हता, भाऊजी. तुम्ही फुकट दिलात.”

“सगळे हसतील मला!”

“हसतील. पण शेवटच्या पानावर. त्याच्या आधी नाही.”

“मग मीच काढून घेतो प्रस्तावना.”

“घ्या. हा फोन, करा मालकांना. कारण काय सांगाल?”

प्रस्तावना गेली असती तर पुस्तकही गेलं असतं, फाटक्या प्रतींसारखंच. पण त्यांनी टेबलावरचा फोन भाऊजींच्या पुढ्यात सरकवला आणि हात मागे घेतला नाही. भाऊजी फोनकडे बघत राहिले. ‘मी पुस्तक पुरतं वाचलं नव्हतं,’ हे एक वाक्य बोलायचं होतं. कोणत्याही प्रामाणिक माणसाला जमलं असतं. काकूंना तर वाटत होतं, म्हणावं त्याने, म्हणावं एकदा, पुस्तक गेलं तरी चालेल. भाऊजींनी फोन उचलला नाही.

काकूंनी फोन होता तिथे परत ठेवला. जिंकल्याचा आनंद होईल असं वाटलं होतं, पण राग तसाच पोटात बसून राहिला. इतक्या वर्षांत दिलेली ती सगळी पुस्तकं, त्यांच्यावर आपल्या हाताने लिहिलेलं ‘भाऊजींना, वहिनीकडून’, आणि एकाही पुस्तकाचं एकही पान या माणसाने मनापासून उलटलं नव्हतं. त्यांनी पर्स खांद्याला लावली आणि दाराकडे वळल्या.

“वहिनी.”

भाऊजींनी ती जड फ्रेम नाकावरून उतरवली होती. चष्म्याविना त्यांचा चेहरा उघडा, धाकट्या दिरासारखा दिसत होता, काकू लग्न होऊन घरात आल्या तेव्हा होता तसा. ते थोडे पुढे वाकले होते.

“चहाचा दुसरा कप,” ते हळू आवाजात म्हणाले. “मला तो कप खटकला होता, खरंच. मग मी म्हटलं, जाऊ दे, अशा पुस्तकांत असतात अशा गोष्टी... पण मग, वहिनी, खून केला कोणी?”

हा प्रश्न ऐकायला काकूंनी अर्धा जन्म वाट बघितली होती. भाजीवालीने विचारला, पोस्टमनने विचारला, लांबलांबच्या अनोळखी माणसांनी विचारला. या एका माणसाने कधी विचारला नव्हता. आणि आता विचारला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. त्याचा तर त्यांना आणखीनच संताप आला.

“पुस्तक आल्यावर विकत घ्या,” त्या म्हणाल्या. “आणि पहिल्या पानापासून वाचा.”

काचेचं दार त्यांच्यामागे थडथडत बंद झालं.

भाऊजींनी भावाकडे तोंड वळवलं.

“दादा, तुला तर माहीत आहे. तू तरी सांग. नर्स ना? का तो भाडेकरू?”

काकांनी फ्रेम उचलली, पुसली आणि पुन्हा भावाच्या नाकावर चढवली.

“मी नाही बाबा सांगायचो,” ते म्हणाले. “मला घरी जायचंय.”